तानाजी सर आणि साडेसहा फुटांचं दार

नेकनूरच्या बसथांब्यासमोर सोमेश्वरचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानाच्या डोक्यावर पत्र्याची एक लांबट खोली आहे आणि त्या खोलीत गेली बावीस वर्षं तानाजी सर इंग्रजीचे क्लास घेतात. फळ्याच्या वर त्यांनी कुठल्या देवाचा किंवा पुढाऱ्याचा फोटो लावलेला नाही. तिथं एका खिळ्याला मापाची टेप अडकवलेली असते, सुताराकडं असते तसली. नव्या पोराला वाटतं, सर रिकाम्या वेळात सुतारकाम करत असतील. ती टेप इंग्रजी शिकवायला लागते हे त्याला पहिली चाचणी झाल्यावर कळतं.

तानाजी सरांचा कुणावरच विश्वास नाही, हे सबंध नेकनूरला माहीत आहे. दूधवाल्याच्या मापावर नाही, एसटीच्या वेळापत्रकावर नाही, बायकोनं मीठ घातलं म्हटलं तर त्यावरही नाही, चाखून बघतात. पण त्यांचा खरा दावा आहे तो जोर लावणाऱ्या शब्दांशी. माणूस नुसता प्रामाणिक असेल तर लोक त्याला प्रामाणिक म्हणतात, अतिशय प्रामाणिक म्हटलं की समजावं कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्यांचं म्हणणं. लग्नपत्रिकेतलं ‘अत्यंत आनंदानं’ वाचलं की ते विचारात पडतात, की या घरात नेमकं काय बिनसलंय. एकदा गावच्या सत्कारात अर्जुनराव पुढाऱ्यांनी इंग्रजीत दोन वाक्यं फेकली आणि त्यात ‘आय अॅम टू हॅपी’ म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र व्यासपीठाखाली जाऊन विचारून आले, की अर्जुनराव, इतका आनंद झालाय की आता कामच करता येणार नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला. तेव्हापासून सरांना सत्काराचं बोलावणं येत नाही.

आपल्याकडं सगळ्यालाच लई म्हणतात. ऊन लई, पाऊस लई, पाहुणे लई, आणि जीव लावला तोही लईच. इंग्रजीत मात्र एका लईच्या जागी अर्धा डझन शब्द उभे असतात आणि पोरं हाताला येईल तो उचलतात. सर हे चहावर शिकवायचे. चहा व्हेरी गोड झाला, म्हणजे खूप गोड झाला, पण तुम्ही पिता. टू गोड झाला, तर कप खाली ठेवता. सो गोड म्हणालात की पुढं सांगावं लागतं, इतका गोड की काय झालं. फेअरली गोड म्हणजे हवा तितपत, बरा. आणि रादर गोड म्हणजे पाहुण्यांसमोर बोलता येत नाही, पण तोंड वाकडं होतंय, जरा जास्तच. इनफ मागाहून येतो, विशेषणाच्या पाठीमागं, मापाला पुरेसं झालं हे सांगायला. एवढं सांगून सर खाली सोमेश्वरकडून खरोखरीचा चहा मागवायचे आणि एकेका पोराला घोट देऊन विचारायचे, बोल, कुठला.

इथपर्यंत कुणीही शिकवील. सरांची खासियत पुढं होती. चाचणीत ते पुस्तकातलं काही विचारायचेच नाहीत. घरची वाक्यं लिहा म्हणायचे. जोराचे पाच शब्द द्यायचे आणि प्रत्येकानं आपापल्या घराबद्दल पाच वाक्यं लिहायची. दोन घरं सारखी नसतात, त्यामुळं शेजारच्याचं बघून उपयोग नाही. आणि लिहिलेलं खरं आहे की नाही, ते सर टेप घेऊन स्वतः तपासायला जायचे.

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण सरांनी ते कधी गमतीनं केलं नाही. एका पोरीनं म्हैस व्हेरी काळी आहे असं लिहिलं, तर सर गोठ्यात जाऊन म्हशीभोवती दोनदा फिरून आले आणि पोटाखालचा पांढरा ठिपका बघून अर्धा मार्क कापला. विहीर क्वाइट खोल आहे म्हटल्यावर दोरीला दगड बांधून सोडला. एकानं लिहिलं, आजोबा चालायला टू म्हातारे झालेत. सर चौकशी करत गेले, तर आजोबा सायकलवर चौसाळ्याच्या बाजाराला निघून गेलेले. पोराला शून्य मिळालं आणि आजोबांनी आठवडाभर नातवाशी अबोला धरला. तपासायला गेल्यावर सर कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. घेतलं तर मन वळतं, म्हणायचे.

माणूस इतका संशयी कशानं होतो? लोक म्हणायचे, जन्मजात. तसं नव्हतं. त्याचं कारण तानाजी सरांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला खिडकीतून एक चिठ्ठी आत आली होती. ती त्यांच्यासाठी नव्हती, पण त्यांच्या बाकावर पडली. त्यांनी ती उतरवून काढली आणि पास झाले. घरी दोन विहिरींची बागायत होती, पेढे वाटले गेले, फेट्याला तुराही खोवला. त्या तुऱ्याखाली त्यांची मान जी खाली गेली ती गेलीच. पुढं ते इंग्रजी खरंखुरं शिकले, दिवसरात्र शिकले. पण एक समजूत पक्की झाली, की ज्याचं उत्तर बरोबर आहे त्यानं ते कुठून तरी मारलेलंच आहे. मीच केलं तर दुसरा का करणार नाही, असा तो सरळ हिशेब होता.

या स्वभावाचा एक फायदा झाला. बीडला खेड्यातल्या मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथं अकरावीला घेताना मुलीला ओळखणाऱ्या शिक्षकाचं पत्र मागतात. वसतिगृह सांभाळणाऱ्या मुक्ताबाईंकडं पत्रांचा ढीग येतो आणि प्रत्येक पत्रातली मुलगी अत्यंत हुशार, अतिशय गुणी आणि फारच होतकरू असते. तानाजी सरांचं पत्र तीन ओळींचं असायचं, त्यात जोराचा एकही शब्द नसायचा, आणि सोबत घरच्या वाक्यांचा कागद जोडलेला असायचा. त्यामुळं मुक्ताबाई नेकनूरचं पत्र आधी उघडायच्या. सर दरवर्षी एकाच मुलीचं पत्र द्यायचे आणि ती मुलगी घेतली जायची.

या वर्षी ते पत्र राजनंदिनीला मिळेल असं क्लासमधल्या सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

राजनंदिनी रस्त्यापलीकडच्या वस्तीवरून यायची. आश्रुबा आणि मंगल यांची थोरली. बोलायला कमी, लिहायला नीट. क्लासला दोन वर्षं होती, पण दिवाळीनंतर गायब व्हायची आणि उन्हाळ्यात परत उगवायची. विचारलं तर म्हणायची, आजीपाशी असते, शाळेचा अभ्यास असतो. सरांना ते पटलं नव्हतंच. पण तिच्या दहावीच्या कागदांबरोबर शाळेचा दाखला आला, त्यावर वर्षभराची पूर्ण हजेरी लिहिलेली होती आणि खाली गोल शिक्का होता. सगळ्या जगावर शंका घेणारा हा माणूस एका गोष्टीवर डोळे झाकून भरवसा ठेवायचा, आणि ती म्हणजे शिक्का. कागदावर शिक्का असला की त्यांची टेप खिळ्यालाच राहायची.

पत्र मिळणं तिच्यासाठी किती मोठं होतं हे सरांनाही ठाऊक होतं. वस्तीवर तिच्यासाठी स्थळ बघायला सुरुवात झाली होती. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी लागते, जोडीला कोयता म्हणतात, आणि दिवाळीच्या आत एक नवा कोयता तयार झाला तर तो टोळी नेणाऱ्या मुकादमालाही हवा असतो. आश्रुबानं पोरीला शब्द दिला होता, की वसतिगृहात नंबर लागला तर शीक, नाही लागला तर मी सांगेन ते ऐक. वसतिगृहाची यादी शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होती.

सोमवारी चाचणी झाली. सरांनी पाच शब्द दिले: व्हेरी, सो, टू, रादर, इनफ. राजनंदिनीनं लिहिलेल्या वाक्यांचा अर्थ असा होता. माझी आई व्हेरी उंच नाही. तरी आमचं दार सो ठेंगणं आहे, की ती वाकून आत येते. रस्त्याचा आवाज झोप लागायला टू मोठा आहे. आमच्या घराची हवा रादर गोड आहे. आणि आमचं घर एका ट्रॉलीत मावेल इतकं, इनफ, लहान आहे.

सरांनी ते वाचलं आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एकही चूक नव्हती. त्यात ते चौथं वाक्य. गोड हवेला रादर लावणं म्हणजे गोड आहे आणि तीच तक्रार आहे. ही चलाखी सरांच्या बावीस वर्षांत कुठल्या पोराला जमली नव्हती, मग या वस्तीवरच्या पोरीला कुठून सुचली? आणि ट्रॉलीत मावणारं घर? परदेशात चाकांवरची घरं असतात असं त्यांनी वाचलं होतं. म्हणजे हे कुठल्या तरी परदेशी पुस्तकातलं, नाहीतर मोबाइलवरून उतरवलेलं. आता बीड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ती वाक्यं वाचून काय आठवायला हवं होतं, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण सरांच्या घरातून कधी कुणी ऊस तोडायला गेलं नव्हतं, समोर पूर्ण हजेरीचा शिक्का होता, आणि संशयी माणसाला जवळची गोष्ट सर्वांत शेवटी दिसते.

मंगळवारी ते टेप घेऊन वस्तीवर गेले. आश्रुबाचं घर रस्त्यापासून आत, मारुतीच्या पारासमोर. दोन वर्षांपूर्वी बांधलेलं, वर स्लॅब, पुढं ओटा. मंगल अंगणात तूर निवडत बसली होती. सरांनी काही न बोलता टेप काढली आणि दार मोजलं. साडेसहा फूट. मग कान देऊन उभे राहिले. रस्त्याचा आवाज नव्हता, एक मोटारसायकल गेली तेवढीच. श्वास ओढून हवा घेतली. शेणाचा आणि ओल्या मातीचा वास आला, गोड काही नव्हतं. ट्रॉलीचं तर बोलायलाच नको. मंगल बिचारी घाबरून उठली, चहा ठेवते म्हणाली आणि आत गेली. आत जाताना तिनं मान खाली घातली आणि खांदे आखडले, जणू वर काही लागणार आहे. पाच फुटांची बाई, साडेसहा फुटांचं दार, आणि वाकली.

सरांनी ते पाहिलं आणि त्यांना राग आला. म्हणजे पोरीनं आईला शिकवून ठेवलंय. मास्तर तपासायला येईल, तेव्हा वाकून दाखव. त्यांनी एक शब्द विचारला नाही, कारण विचारलं की लोक तयार उत्तर देतात, असा त्यांचा अनुभव. चहा न घेताच ते निघाले.

बुधवारी त्यांनी सगळ्या क्लाससमोर तिचा कागद वाचून दाखवला. पुढच्या बाकावर अर्जुनरावांचा सत्यम आणि बागायतदारांची आणखी दोघं बसली होती. ट्रॉलीचं वाक्य आलं तशी ती फिसकन हसली. सर म्हणाले, एक वाक्य खरं, चार खोटी, दार मी स्वतः मोजलंय. राजनंदिनी उभी राहिली होती. तिनं एकदा त्या बाकाकडं पाहिलं.

‘‘खरं हाय सर,’’ एवढंच ती म्हणाली.

कुठलं खरं, ते तिनं सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. गुन्हा कबूल आहे म्हणूनच पुढं तोंड उघडत नाही, असं त्यांनी धरलं आणि कागदावर लाल शून्य काढलं. पत्र मिळणार नाही हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. ती वही आवरून गेली, रडली वगैरे नाही. तिच्या त्या न रडण्याचाही सरांनी संशय घेतला.

पण चोर सापडला तरी माल कुठून आला हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. शुक्रवारी ते खाली सोमेश्वरकडं गेले. गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच, जुन्या नोट्स, जे काही कुणी छापतं ते सोमेश्वर विकतो, तेव्हा उगम तिथंच असणार. त्यांनी कागद त्याच्यापुढं टाकला आणि हे कुठल्या गाइडातलं ते सांग, म्हणाले. सोमेश्वरचं इंग्रजी जेमतेम, पण सरांनीच कधीकाळी शिकवलेलं. त्यानं बोट ठेवून ठेवून वाक्यं वाचली. पहिल्यांदा तो हसला. मग दाराच्या वाक्यापाशी त्याचं बोट थांबलं. मग गोड हवेचं वाचून त्यानं कागद हळूच उलटा ठेवला.

‘‘सर, हे गाइडातलं न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘हे साखर कारखान्याच्या गेटाभायेरचं, ऊसतोड्यांच्या कोपीचं हाय. माझी आई दहा वर्सं असल्याच घरात ऱ्हायली.’’

सर म्हणाले, शक्य नाही, पोरीची शाळेत पूर्ण हजेरी आहे, शिक्का आहे. सोमेश्वरनं झेरॉक्सच्या यंत्राकडं पाठ फिरवली आणि म्हणाला, शिक्के मी पण बनवून देतो सर, पन्नास रुपयांत.

त्या दिवशी घरी जाऊनही सरांना जेवण गोड लागलं नाही. सोमेश्वर खोटं बोलत असेल, ही शक्यता त्यांनी उलटून पालटून पाहिली. पोरीनं त्यालाही फितवलं असेल. पण आईचं वाकणं काही डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी ठरवलं, पुन्हा तपासायचं, या वेळी त्यांना कळू न देता.

शनिवारी सकाळी सात वाजता तानाजी सर मारुतीच्या पारावर, लिंबाच्या खोडाआड, वर्तमानपत्र उघडून बसले. समोर आश्रुबाचं दार. पन्नाशी उलटलेला माणूस चोरासारखा पारावर लपून बसलाय, याची त्यांना लाज वाटत होती, पण उठवत नव्हतं.

आधी आश्रुबा बाहेरून बादली घेऊन आला. दाराशी येताच त्याची मान खाली गेली. सरांनी वर्तमानपत्र जरा खाली केलं. मग मंगल आली, हातात शेणाची पाटी होती, ती ठेवली आणि आत गेली, मान खाली, खांदे आत. तिला कुणी पाहत नव्हतं. मग राजनंदिनी केस विंचरत बाहेर आली, परत आत गेली, परत बाहेर आली. तीन वेळा गेली-आली आणि तीनही वेळा तिचं डोकं आपोआप खाली झालं.

मग दगडाबाई आली, आश्रुबाची म्हातारी आई. ही कधीच ऊसतोडीला जात नाही. बाकीचे गेले की ती घर आणि दोन शेळ्या राखत वस्तीवर राहते. डोक्यावर पाण्याची कळशी, एक हात कमरेवर. ती ताठ चालत आली आणि ताठ आत गेली. कळशीच्या वरही वीतभर जागा शिल्लक होती.

सरांच्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. ज्यांना वाकायची गरज नव्हती ते तिघं वाकत होते आणि ज्या म्हातारीनं खरं तर वाकायचं ती सरळ जात होती. ट्रॉलीत संसार भरून जायचं, सहा-सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, जिचं दार चार-साडेचार फुटांचं, आणि मग स्लॅबच्या घरात आलं तरी मान विसरत नाही. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. मंगळवारी ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि त्यांनी त्याला नाटक म्हटलं होतं. तानाजी सरांना स्वतःची किळस आली. इतकी, की तिथून तसंच निघून जावं असं वाटलं.

ते उठून अंगणात गेले. मंगल पदर सावरत उभी राहिली. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा, उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रश्न विचारला. दिवाळीनंतर राजनंदिनी कुठं असते?

‘‘आमच्यासंगं,’’ मंगल म्हणाली. ‘‘पाचवीपासून. धाकटा तव्हा तान्हा व्हता, त्याला बघाया कुनी न्हवतं. पुस्तकं नेती ती. हजेरी शाळंत लावत्यात, पट कमी हू नये म्हनून.’’

मग तिनं आवाज न चढवता म्हटलं, ‘‘तुमी त्या दिशी दार मोजून गेलतात सर. इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं.’’

आत उभ्या असलेल्या राजनंदिनीला सरांनी विचारलं, की वर्गात का नाही सांगितलंस. ती म्हणाली, पुढच्या बाकावरची पोरं पाचवीत कोपीवाली म्हणून चिडवायची, तेव्हापासून कुणाला सांगत नाही. आणि हवा गोड कशी? तर कारखान्याच्या मळीचा वास, ती म्हणाली. पहिल्या दिवशी बरा वाटतो, पाहुणे तर नाक वर करून घेतात. आठ दिवसांनी तो भाकरीत येतो, केसांत येतो, मग जीव नको होतो. तुमीच सांगितलं होतं सर, तोंड वाकडं होतं तिथं रादर.

सरांनी कागद मागितला आणि ओट्यावर बसून पत्र लिहिलं. तीन ओळी. मुलगी दोन वर्षं माझ्याकडं शिकते. ती जे लिहिते ते खरं असतं. वर्षातले सहा महिने ती शाळेत नसते, तरी तिला इंग्रजी येतं. जोराचा एकही शब्द त्यात नव्हता. मग चाचणीच्या कागदावरचं लाल शून्य त्यांनी खोडलं आणि शेजारी पाच लिहून सही केली. खोडलेलं शून्य दिसत राहिलं, ते त्यांनी दिसू दिलं. मंगलनं चहा आणला होता. तो त्यांनी घेतला. गोड होता, पण कुठला गोड ते त्यांनी ठरवलं नाही.

साडेदहाच्या एसटीनं तिघं बीडला निघाली. मंगल आणि राजनंदिनी एका बाकावर, सर पलीकडच्या. बस चढाला लागली तेव्हा सर खिडकीकडं बघत, कुणाला सांगतोय हे न दाखवता, म्हणाले, ‘‘मी दहावीला कॉपी करून पास झालो. इंग्रजीतच.’’

मंगलनं लेकीकडं पाहिलं. राजनंदिनी सरांकडं वळून बसली. मग म्हणाली, ‘‘मंग इंग्रजी कसं आलं सर?’’

‘‘लाजेनं आलं,’’ सर म्हणाले. पस्तीस वर्षं जपून ठेवलेली गोष्ट कंडक्टरच्या घंटीखाली अशी दोन वाक्यांत संपली. राजनंदिनीनं ती कुणाला सांगणार नाही असं काही म्हटलं नाही आणि सरांनीही तसं मागितलं नाही.

वसतिगृहाची इमारत जुनी, भक्कम, तिचं दार सहज दहा फूट उंच. मुक्ताबाईंचं टेबल दाराच्या समोरच, त्यामुळं आत येणारा माणूस त्यांना पायापासून डोक्यापर्यंत दिसतो. त्याही कमी संशयी नाहीत. इतक्या वर्षांत तानाजी सर कधी मुलीबरोबर स्वतः आले नव्हते, त्यामुळं त्यांना बघूनच मुक्ताबाईंच्या कपाळाला आठी पडली. सर बाजूला झाले आणि त्यांनी मायलेकींना पुढं जाऊ दिलं. मंगल आत शिरली, मान खाली, खांदे आत. तिच्या मागून राजनंदिनी, तशीच.

दाराजवळच्या दोन मुली ते बघून हसल्या. मुक्ताबाई हसल्या नाहीत. त्यांनी पत्र वाचलं, घरच्या वाक्यांचा कागद वाचला, खोडलेल्या शून्यावर बोट ठेवलं, मग शाळेचा दाखला उघडला.

‘‘इथं पूर्ण हजेरी लिहिलीय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही लिहिता, सहा महिने शाळेत नसते. दोन्हीतलं एक खोटं आहे तानाजीराव. कुठलं धरू?’’

राजनंदिनीनं आईचा पदर धरला. शिक्का खोटा म्हणावं तर कागदच बाद होतील, आणि खरा म्हणावा तर तिचं घर खोटं ठरेल. आता बोलायचं सरांनी होतं, आणि बावीस वर्षं शिक्क्यापुढं न बोललेल्या माणसाला ते जड गेलं.

‘‘शिक्का खोटा,’’ ते म्हणाले. ‘‘वाक्यं खरी. शाळेला पत्र लिहायचं असेल तर माझ्या सहीनं लिहा.’’

मुक्ताबाईंनी पुन्हा तो कागद घेतला. दाराचं वाक्य त्यांनी ओठ हलवत वाचलं आणि मान वर करून आधी दहा फुटांच्या दाराकडं, मग दारातून नुकत्याच आलेल्या त्या दोघींकडं पाहिलं.

‘‘हे तुम्ही तपासलंत?’’

‘‘तपासलं,’’ तानाजी सर म्हणाले. ‘‘उशिरा तपासलं.’’

मुक्ताबाईंनी यादीची वही जवळ ओढली आणि मुलीला तिचं पूर्ण नाव विचारलं.